सॅकमधली चूल

सह्याद्रीत मुक्कामाला गेलेल्या आठ जणांच्या गटाला रात्री पिठलं-भात लागतो, सकाळी पोहे लागतात आणि या दोन्हींच्या आधी चहा. युरोप-अमेरिकेत डोंगरभटक्यांसाठी घडवलेल्या बहुतेक शेगड्यांपुढे मात्र एकच काम ठेवलेलं असतं: एका-दोघांपुरतं अर्धा लिटर पाणी लवकरात लवकर उकळून देणं. ते पाणी वाळवलेल्या जेवणाच्या पाकिटात ओतलं की तिथला स्वयंपाक आटोपतो. आपल्याला मोहरी तडतडू द्यायची असते, कांदा परतायचा असतो, बेसन गुठळ्या न होता शिजवायचं असतं, भाताला वाफ आणायची असते. त्यासाठी मंद होणारी आच हवी, पसरट बुडाचं भांडं हवं आणि भरलेला टोप डुगडुगणार नाही असा पाया हवा. हा फरक ध्यानात न घेता, परदेशी याद्यांमधले पहिले क्रमांक वाचून घेतलेल्या शेगड्या आपल्याकडे कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहेत. त्या शेगड्या वाईट नसतात, दुसऱ्याच जेवणासाठी केलेल्या असतात. म्हणून इथल्या जेवणाच्या अंगाने लिहिलेलं पुस्तक मराठीत हवं होतं. ते आता वाचकांच्या हाती येतंय आणि त्याची प्रस्तावना लिहिताना मला मनापासून आनंद होतो आहे.

नवख्याला वाटतं की हा विषय शेगडीपासून सुरू होतो. तो सुरू होतो ताटापासून. काय खायचं, किती जणांनी, किती वाजता, आणि मुक्कामावर पाणी किती मिळणार, हे ठरलं की भांडं ठरतं. भांड्यावरून आच ठरते. आच आणि हवामान बघून इंधन ठरतं, आणि शेगडीचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. दुकानात हा क्रम नेमका उलटा होतो. एका दिवसाच्या भटकंतीत तर शेगडी लागते का, हाच पहिला प्रश्न असायला हवा. दशम्या, धपाटे, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे, ऐन वेळी कालवायचे दडपे पोहे, ताकात कालवलेलं सातूचं पीठ, यांतल्या कशालाच विस्तव लागत नाही. चहाची तल्लफ भागवायला एक बरा थर्मास पुरतो. शेगडी घरी ठेवून निघणं हाही निवडीचाच एक प्रकार आहे, आणि लेखकांनी तो आडवळणाने न सांगता अगदी सुरुवातीला सांगितला आहे, हे मला फार आवडलं.

वाटेत शिजवून खाणारी माणसं आपल्याकडे जुनीच. घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढ्यांमागे फिरणारे धनगर, पालखीसोबत चालणाऱ्या दिंड्या, ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, या सगळ्यांनी वाटेवरचा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. भांडी सोबत, चूल मुक्कामावर मिळतील त्या तीन दगडांची. या चुलीचं वजन शून्य आणि किंमत शून्य. पण तिची बहुतेक उष्णता दगडांच्या फटींतून वाऱ्यावर जाते, आणि सुकं सरपण हाताशी असेल हे तिने गृहीत धरलेलं असतं. आषाढ-श्रावणात, म्हणजे सह्याद्रीत सर्वांत जास्त माणसं फिरतात त्या दिवसांत, सरपण चिंब असतं. इतर दिवसांत ते सुकं असलं तरी तोडायचं का, हा प्रश्न उरतोच; त्याकडे पुढे येतो.

उचलून नेता येईल अशी चूल बनवण्याचे प्रयत्न युरोपात एकोणिसाव्या शतकात जोरात झाले. अलेक्सिस सॉयर या लंडनमधल्या नामवंत फ्रेंच आचाऱ्याने १८४९ साली टेबलावर ठेवायचा स्पिरिटचा छोटा स्टोव्ह बाजारात आणला आणि पुढे क्रिमियाच्या युद्धात सैन्यासाठी फिरत्या भट्ट्या दिल्या. खरी उडी मात्र १८९२ साली स्टॉकहोममध्ये पडली. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने वातीला फाटा दिला. रॉकेल दाबाखाली तापलेल्या नळीतून न्यायचं, तिथे त्याची वाफ करायची आणि ती बारीक भोकातून सोडून जाळायची. वाफ हवेत नीट मिसळते, ज्योत निळी होते आणि काजळी जवळजवळ धरत नाही. हा प्रायमस. फ्रिट्यॉफ नान्सेनने १८९३ ते १८९६ च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत तो नेला. त्याच्यावर ठेवायच्या कुकरची रचना आजही बघण्यासारखी आहे. मधल्या भांड्यात जेवण आणि त्याभोवती कड्यासारख्या भांड्यात बर्फ, म्हणजे कडेने निसटणारी उष्णता बर्फ वितळवण्याच्या कामी यावी. शेगडी आणि भांडं ही दोन मिळून एकच वस्तू आहे, हा या पुस्तकाचा मुख्य मुद्दा नान्सेनला तेव्हाच कळलेला होता.

अमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा प्रायमस सोबत होता, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. त्याच दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर १९१२ साली परतताना स्कॉट आणि त्याचे सोबती मेले. थंडी, उपासमार, दुखणी अशी बरीच कारणं होती, पण त्यांत एक इंधनाचंही होतं. वाटेत पुरून ठेवलेल्या साठ्यांतल्या डब्यांमध्ये रॉकेल दर वेळी अपेक्षेपेक्षा कमी निघत गेलं. झाकणांखालच्या चामड्याच्या चकत्या कडाक्याच्या थंडीत टिकल्या नाहीत आणि तेल झिरपून, उडून गेलं. अमुंडसेनने आपले डबे डाख देऊन बंद केले होते. बर्फात इंधन संपलं की पाणीही संपतं. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं.

चामड्याच्या त्या चकतीची भावंडं आपल्या घरोघरी होती. पंपाच्या पितळी स्टोव्हमध्ये दट्ट्याच्या टोकाला चामड्याचं वॉशर असायचं. ते सुकलं की पंप कितीही मारला तरी हवा धरत नसे. मग दट्ट्या उपसून वॉशरला खोबरेल चोळायचं, त्याची वाटी बोटाने पसरवायची आणि परत बसवायचं. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरभोवती अडकवायचा, तो पेटवून बर्नर लालसर होईपर्यंत थांबायचं, ज्योत पिवळी पडली की पिन मारायची. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने ज्या पिढीला दुर्गभ्रमणाची गोडी लागली, तिने हाच स्टोव्ह गोणपाटात गुंडाळून गडांवर नेला. हिमालयातल्या मोहिमांतही रॉकेलच्या स्टोव्हनेच वर्षानुवर्षं साथ दिली. आज तो मागे पडला त्याचं साधं कारण म्हणजे रॉकेल. रेशनवरचं रॉकेल आटत गेलं आणि त्यासोबत वॉशर, पिना विकणारी आणि स्टोव्ह दुरुस्त करणारी दुकानंही गेली.

सध्या 'ट्रेकिंगची शेगडी' म्हटलं की ती गॅसचीच समजली जाते. १९४९ साली फ्रान्समध्ये कॅम्पिंगाझ सुरू झाली आणि ब्युटेनचा छोटा डबा घेऊन हिंडायची सवय युरोपात पसरली. आपल्याकडे या घराण्याची तीन रूपं आढळतात. बसका, डोक्यावर आटे असलेला डबा आणि त्याच्यावर घट्ट बसणारी मूठभर आकाराची शेगडी, हे पहिलं. उंच नळकांडं आडवं घालायची चौकोनी शेगडी, हे दुसरं. तिसरं म्हणजे पाच किलोचा सिलिंडर आणि त्यावर बसणारा बर्नर. मूठभर शेगडी दोघांसाठी उत्तम. तिच्यावर पाच लिटरचा भरलेला टोप चढवणं मात्र धोक्याचं असतं. डोंगरात स्वयंपाकाच्या वेळी होणारं भाजणं बरेचदा ज्वालेचं नसतं, कलंडलेल्या उकळत्या पाण्याचं असतं. चौकोनी शेगडीवर टोप स्थिर बसतो आणि आच मंद ठेवता येते. पण तिच्यावर डब्याच्या कप्प्यापर्यंत पोचणारा मोठा तवा किंवा परात ठेवली तर उष्णता खाली परावर्तित होऊन डबा तापतो. हाच धोका बसक्या डब्याभोवती पत्र्याचा आडोसा घट्ट गुंडाळण्यात आहे. डबा हाताला कोमट लागला की आच बंद करायची, हा नियम लेखकांनी ठसठशीत अक्षरांत छापला आहे आणि ते योग्यच झालं. पाच किलोचा सिलिंडर गाडी जाते तिथल्या मुक्कामासाठी ठीक. पाठीवर न्यायची ती वस्तू नव्हे.

गॅसला थंडी सोसत नाही. ब्युटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायचंच थांबतं. आयसोब्युटेन साधारण उणे बारापर्यंत आणि प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत साथ देतं. म्हणून चांगल्या डब्यांत यांचं मिश्रण असतं. त्यातही प्रोपेन आधी उडून जातं आणि उरतं ते ब्युटेन. शिवाय वायू होताना डबा स्वतःच गार होत जातो. पहाटे अर्धा भरलेला डबा हलवला तर आत गॅस खुळखुळतो आणि ज्योत मात्र मरगळलेली असते, ती यामुळे. डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपण्याची रीत यातूनच आली. वरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ब्युटेनला थोडी सवलत मिळते, पण तेवढ्यावर विसंबून हिवाळ्यात लडाखला जाऊ नये.

बर्फाळ उंचीसाठी म्हणून द्रव इंधनाचं घराणं टिकून आहे. सिएटलच्या लॅरी पेनबर्थी यांच्या एमएसआर कंपनीने १९७३ साली इंधनाची बाटली शेगडीपासून वेगळी काढून मध्ये नळी टाकली. गिर्यारोहकांनी उंचीवर भरपूर पाणी प्यायला हवं आणि त्यासाठी बर्फ भराभर वितळायला हवा, हा त्यांचा ध्यास होता. ही शेगडी ज्या शुद्ध पेट्रोलवर सर्वांत चांगली चालते ते आपल्या किरकोळ बाजारात सहज मिळत नाही, त्यामुळे इथे ती रॉकेलवर चालवावी लागते. रॉकेलची अडचण वर आलीच आहे. २००४ मध्ये जेटबॉइलने भांड्याच्या बुडाला पन्हळी पट्टी जोडून शेगडी आणि भांडं एकजीव केलं. पाणी उकळण्यात तिला तोड नाही. पिठल्यासाठी ती उंच, अरुंद आणि फार तापट आहे. एकट्याने जाणाऱ्या, चहा-सूप आणि शेवयांवर रात्र काढणाऱ्या माणसाने मात्र ती डोळे झाकून घ्यावी.

स्पिरिटच्या शेगडीत बिघडण्यासारखं काहीच नाही. स्वीडनच्या त्रांगिया कंपनीने १९५१ साली पितळी बर्नर, आडोसा आणि भांडी यांचा एकात एक बसणारा जो संच केला तो आजही जवळपास तसाच विकला जातो. पण स्पिरिटमध्ये वजनाच्या मानाने गॅसच्या साठ टक्क्यांच्या आसपासच उष्णता असते, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली असं समजून जळत्या बर्नरमध्ये बाटलीतून स्पिरिट ओतणाऱ्यांचे हात-तोंड भाजतात. लेखक या शेगडीबद्दल माझ्यापेक्षा उदार आहेत. नवशिक्यांच्या मोठ्या गटात ती नेऊच नये असं माझं मत आहे. हेक्सामिनच्या वड्या, ज्यांची घडीची चूल जर्मनीत १९३६ साली एस्बिट या नावाने आली, सैन्याच्या शिध्यातून आपल्याकडेही माहीत आहेत. कपभर पाण्यापुरत्या त्या बऱ्या, भांड्याला चिकट काजळी धरतात.

लाकडावरच्या चुलीचा नवा विचार १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अप्रोव्हेचो संस्थेत लॅरी विनियार्स्की यांनी केला. काटक्या आडव्या सारायच्या, ज्वाला उभ्या, उष्णतारोधक नळीतून वर जाऊ द्यायची, म्हणजे धूरही जळून जातो. डोंगरात नेण्याच्या पत्र्याच्या घडीच्या चुली याच तत्त्वाच्या आसपास फिरतात. थोड्या काटक्यांत चहा होतो हे खरं, पण त्यांच्याही पोटात ठिणग्या असतात.

या सगळ्या परदेशी घराण्यांच्या जोडीला आपल्याकडे एक स्वतंत्र विचार होता, आणि पुस्तकाने त्याला मानाची जागा दिली आहे. बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर तयार केला. खाली निखाऱ्यांचा कप्पा, वर एकावर एक डबे. भात, डाळ, भाजी वाफेवर आपोआप शिजायची आणि प्रवासात तो उचलून नेता यायचा. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, हाच धागा पुढे नेला. शेतात जाळून टाकलं जाणारं उसाचं पाचट घेऊन त्यांनी त्याचा कांडी कोळसा केला. या कामाला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'सराई' कुकरमध्ये असा जेमतेम शंभर ग्रॅम कोळसा पाच माणसांचं जेवण शिजवतो. ज्वालेच्या जोरावर अन्न घाईने शिजवण्यापेक्षा उष्णता कोंडून ते सावकाश शिजू द्यायचं, ही यातली दृष्टी. सराई डोंगरावर न्यायला जड आहे, पण तिचं तत्त्व कुठेही नेता येतं. तांदूळ तासभर आधी, चढत असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भिजत घालावेत. भाताचं पाणी आटत आलं की झाकण न काढता टोप उतरवून जुन्या शालीत किंवा जाड टॉवेलमध्ये गुंडाळावा. पंधरा-वीस मिनिटांत भात मोकळा होतो, तोवर त्याच शेगडीवर पिठलं होतं. कुठलीही महाग शेगडी घेऊन वाचणार नाही इतका गॅस यात वाचतो.

हिशेब मांडायचा तर असा. एक लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे ८० किलोकॅलरी लागतात आणि एका ग्रॅम गॅसमध्ये साधारण ११ किलोकॅलरी असतात. सगळी उष्णता पाण्यातच गेली तर सात-साडेसात ग्रॅमांत भागलं असतं. प्रत्यक्षात झाकण आणि नीट आडोसा असेल तर बारा ते पंधरा ग्रॅम लागतात. उघडा टोप आणि घाटमाथ्याचा वारा असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट गॅस सहज जातो, आणि कधी कधी उकळी येतच नाही. झाकण आणि वाऱ्याकडे पाठ केलेली जागा या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

भांड्यांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. एकात एक बसणाऱ्या, कानाशिवायच्या टोपांचा संच आणि एक सांडशी ही रचना आपल्या भांडीवाल्यांकडे पूर्वीपासून आहे. डोंगरासाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांतही हेच असतं. प्रश्न धातूचा. ॲल्युमिनियम उष्णता स्टेनलेस स्टीलच्या पंधरापट जोमाने पसरवतं आणि वजनाला तिसऱ्या हिश्शाचं असतं. टायटेनियम स्टीलपेक्षा हलकं, मजबूत आणि न गंजणारं, पण उष्णता पसरवण्यात जवळपास स्टीलच्याच रांगेत. ते फार पातळ घडवतात, त्यामुळे ज्योतीच्या बरोबर वर तेवढंच वर्तुळ तापतं. त्यात पाणी उत्तम उकळतं, बेसन मात्र मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं. आपल्या जेवणासाठी जाडसर बुडाचं हिंडालियम किंवा ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम हेच बरं. साध्या ॲल्युमिनियमला आमसूल, चिंच, ताक यांचं वावडं असतं. सोलकढी किंवा ताकाची कढी त्यात करून ठेवू नये. ॲनोडाइज केलेल्या भांड्याला ही अडचण बरीच कमी. पितळेला कल्हई लागते आणि ते जड, त्यामुळे दिंडीच्या ट्रकमध्ये शोभतं. झाकण म्हणून टोपाच्या मापाची ताटली न्यावी, म्हणजे जेवायला एक ताट कमी लागतं. न चिकटणाऱ्या लेपाचे तवे सॅकमध्ये एकमेकांवर घासून चार सहलींत खरवडतात, त्यांच्या मध्ये फडकं घालावं.

उंची वाढते तसं पाणी लवकर उकळतं आणि अन्न उशिरा शिजतं. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. १,६४६ मीटर उंच कळसूबाईवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं. भाताला फरक जाणवत नाही, तुरीच्या डाळीला जाणवतो. लेहमध्ये ते ८८ अंशांजवळ उकळतं आणि तिथे राजमा-छोले उघड्या भांड्यात दिवसभर ठेवले तरी कचरट राहतात. म्हणून हिमालयातल्या तळावर प्रेशर कुकर ही चैन नसते. पाच-सहा दिवसांच्या तळाला तो आपलं वजन गॅसमधून भरून काढतो. एका रात्रीसाठी मात्र नको.

या पुस्तकाची गरज आत्ता का, याचं उत्तर गेल्या काही वर्षांतल्या गर्दीत आहे. शनिवार-रविवारी लोहगड, कळसूबाई, हरिश्चंद्रगडावर माणसं मावत नाहीत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. गडांवरच्या लेण्यांची आणि मंदिरांच्या ओवऱ्यांची छतं चुलींच्या धुराने काळी झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती काजळी पावसाने धुऊन जात नाही. राखीव वनात विस्तव पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड यांसारख्या अभयारण्यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियमही लागू होतो. गॅसची शेगडी हाही विस्तवच. तिला परवानगी आहे का, हे त्या त्या वनकार्यालयात विचारूनच निघावं. उन्हाळ्यात, पिवळ्या कोरड्या गवतात, परवानगी असली तरी पेटवू नये.

दुसरा प्रश्न प्रवासाचा, आणि त्याबद्दल ट्रेकर मंडळींत फार गैरसमज आहेत. रेल्वेत गॅसचा डबा, रॉकेल, स्पिरिट नेता येत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा नियम कर्जत-कसाऱ्याच्या लोकललाही लागू आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात बेकायदा आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. विमानात तर डबा सामानातही चालत नाही. म्हणजे हिमालयात जाणाऱ्याने शेगडी इथून न्यावी आणि गॅस मनाली, देहरादून किंवा लेहच्या बाजारात घ्यावा. लोकलने निघणाऱ्याने विस्तवाशिवायचं जेवण बांधून घ्यावं किंवा पायथ्याच्या गावात जेवावं. पाचनई, रतनवाडीसारख्या गावांत गरम भाकरी-पिठलं मिळतं, गावातल्या घराला चार पैसे मिळतात आणि गडावर चूल पेटत नाही. शेगड्यांवरच्या पुस्तकाने गावातल्या चुलीची शिफारस करावी, हा लेखकांचा प्रामाणिकपणा आहे.

आणि तंबू. पाऊस कोसळत असतो, बाहेर ज्योत टिकत नाही आणि शेगडी आत घेण्याचा मोह होतो. बंद जागेत हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही; डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. १९३४ साली अंटार्क्टिकात एकटा राहिलेला ॲडमिरल बर्ड शेगडी आणि जनित्रातून निघालेल्या याच वायूने मरता मरता वाचला. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमध्ये दामन इथे केरळमधल्या आठ पर्यटकांचा बंद खोलीतल्या गॅस हीटरमुळे मृत्यू झाला. तंबूच्या बाहेर, फ्लायच्या पुढच्या उघड्या पडवीत, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल असं बसून स्वयंपाक करावा. तेही जमत नसेल तर त्या रात्री चिवडा खाऊन झोपावं.

लेखकांनी हे सगळं क्रमवार शिकवण्याचा आव आणलेला नाही. त्यांनी प्रश्न विचारायला शिकवलं आहे: किती माणसं, कोणता ऋतू, कसा प्रवास, काय जेवण, कुणाची परवानगी. एकाच शेगडीला ते एका पानावर नावाजतात आणि दुसऱ्या पानावर घरी ठेवायला सांगतात, कारण पहिल्या पानावर दोघं जण डिसेंबरात भंडारदऱ्याला निघालेले असतात आणि दुसऱ्यावर बारा जण जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे. पाणी किती मिनिटांत उकळलं या एका आकड्यावर शेगडी तोलायची परदेशी पद्धत त्यांनी सोडून दिली आणि त्याऐवजी चहा, भात व पिठलं असा पूर्ण स्वयंपाक घाटाच्या वाऱ्यात करून किती गॅस गेला ते मोजलं. माझ्या मते पुस्तकाचं खरं मोल या बदललेल्या मोजमापात आहे. रिकाम्या डब्यांचं काय करायचं, हा भाग मला थोडा आखूड वाटला. गडाखालच्या प्रत्येक ओढ्यात ते डबे साठताहेत, पुढच्या आवृत्तीत त्यावर जास्त यावं.

किमती आणि मॉडेलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत; ती वर्षभरात शिळी होतात. ज्याच्याकडे शेगडी आधीच आहे त्याने भांड्यांच्या आणि वाऱ्याच्या प्रकरणांपासून सुरुवात केली तरी चालेल. ज्याने अजून काही घेतलेलं नाही त्याने आधी मित्राची शेगडी आणि घरातला टोप घेऊन मोकळ्या गच्चीवर, वारा असताना, आपल्या गटाइतका पिठलं-भात करून बघावा. पेटवण्याआधी आणि संपल्यावर डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा. किती ग्रॅम गेले तो आकडा लिहून ठेवण्यासाठी पुस्तकाच्या शेवटी कोरे तक्ते जोडले आहेत.